वादळाची लाल रेघ चाकणपर्यंत कशी येते? 'निसर्ग'चा प्रवास आणि फोनवरचा ट्रॅक नीट कसा वाचायचा



पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आसपास, वर्षातून दोनदा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच प्रकारचा स्क्रीनशॉट फिरायला लागतो. अरबी समुद्र, त्यात गोल फिरणारा जांभळा-लाल भोवरा आणि त्यातून किनाऱ्याकडे निघालेली एक रेघ. खाली कोणीतरी लिहितं, "मुंबईवर येतंय." लगेच दुसरा लिहितो, "आपल्याला काय, आपण घाटावर." भोसरी, चाकण, तळवडे, निगडी इकडच्या ग्रुपवर हे दुसरं वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की आजचा लेख त्या एका वाक्यासाठीच लिहितोय.

कारण ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याच दिवशी पुणे जिल्ह्यात दोघांचा जीव गेला. एक मृत्यू खेड तालुक्यात झाला, घराची भिंत पडून. चाकण याच खेड तालुक्यात येतं. दुसरा हवेली तालुक्यात, उडणारे पत्रे धरायला गेलेल्या माणसाचा. दोन्ही ठिकाणं समुद्रापासून कितीतरी लांब, सह्याद्रीच्या अलीकडे.

आता तो दिवस नकाशावर उघडून बघूया.

निसर्ग कुठून आलं आणि कुठे गेलं

१ जून २०२० ला अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊन 'डिप्रेशन' तयार झालं. २ जूनला पहाटे ते 'डीप डिप्रेशन' झालं आणि दुपारी चक्रीवादळ. तेव्हा त्याला नाव मिळालं, निसर्ग. हे नाव बांगलादेशने सुचवलेलं. आपल्या भागातल्या १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं देऊन १६९ नावांची नवी यादी एप्रिल २०२० मध्येच जाहीर केली होती आणि तिच्यातलं हे पहिलंच नाव. आधीच्या यादीतलं शेवटचं नाव 'अम्फान' दोनच आठवड्यांपूर्वी बंगालमध्ये वापरून संपलं होतं.

३ जूनला पहाटे ते 'तीव्र चक्रीवादळ' झालं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात ते जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, मध्येच १३० चे झोत. तिथून ते उत्तर-ईशान्येकडे सरकलं. रायगड ओलांडून पुणे जिल्ह्याच्या पश्चिम अंगाने वर गेलं, संध्याकाळपर्यंत 'तीव्र' वरून साध्या चक्रीवादळावर उतरलं, रात्री उत्तर महाराष्ट्रात पोचेपर्यंत डीप डिप्रेशन झालं आणि ४ तारखेला पुढे मध्य प्रदेशाकडे सरकत विरून गेलं.

जून महिन्यात इतकं जोरदार चक्रीवादळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १८९१ नंतर पहिल्यांदाच आलं, असं त्या वेळी सगळीकडे छापून आलं. त्याच दिवसांत "१८८२ च्या मुंबईच्या चक्रीवादळात एक लाख लोक मेले होते" असाही एक फॉरवर्ड फिरत होता, तो तर अजूनही अधूनमधून येतो. अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा असं वादळ झाल्याचा पुरावाच मिळाला नाही. तुमच्याकडे आला तर पुढे ढकलू नका, एवढंच.

रायगडमध्ये जे झालं ते भयंकर होतं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागातल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं झाड नव्याने लावलं तर उत्पन्न द्यायला बरीच वर्षं घेतं, म्हणजे एका दुपारीत गेलेलं उत्पन्न पुढच्या पिढीला कमवावं लागतं. विजेचे खांब पडले, मोबाइल टॉवर बंद झाले, कित्येक गावांचा काही दिवस बाहेरच्या जगाशी संपर्कच नव्हता. राज्य सरकारने ५ जूनला रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर केली. आणि हे सगळं कोरोनाच्या काळात, हे विसरू नका. मुंबईत बीकेसीच्या मैदानावरच्या कोविड सेंटरमधले रुग्ण आदल्या दिवशी दुसरीकडे हलवावे लागले होते.

पण टीव्हीवर दिवसभर चर्चा कशाची? मुंबईची. संध्याकाळी "मुंबई वाचली" अशा ब्रेकिंग न्यूज आल्या आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात विषय तिथेच मिटला. नेमकं त्याच वेळी वादळ आपल्या बाजूला होतं.

मी त्या दिवशी भोसरीत होतो. अनलॉक सुरू होऊन दोन-तीनच दिवस झाले होते, एमआयडीसीतली अर्धी शटर अजून बंद. सकाळी वारा पूर्वेकडून येत होता. दुपार कलली तसा तो फिरून दक्षिणेकडून यायला लागला आणि जोरही वाढला. समोरच्या शेडचा एक पत्रा आधी एका कोपऱ्यातून थडथडायला लागला, मग दहा मिनिटांत तो कोपरा वर उचलला गेला. लाइट गेली ती गेलीच. वारा असा दिशा बदलतो याचा वादळाच्या मार्गाशी थेट संबंध आहे, त्याकडे थोड्या वेळात येऊ.

रेघ नक्की काय दाखवते?

ॲपवर दिसणारी रेघ म्हणजे वादळाच्या केंद्राचा अंदाजे मार्ग. फक्त केंद्राचा. केंद्राभोवती जोराचा वारा किती दूरपर्यंत पसरलाय हे त्या रेघेत नसतं. एखाद्या वादळात तो ५० किलोमीटर असतो, एखाद्यात २०० च्या वर जातो. रेघ तुमच्या गावावरून गेली नाही म्हणजे वादळ तुमच्या गावावरून गेलं नाही, असा अर्थ काढायचा नाही.

रेघेभोवती पुढे पुढे रुंद होत जाणारा एक शंकू असतो. तो बघून "वादळ हळूहळू मोठं होणार आहे" असं बऱ्याच जणांना वाटतं. तो वादळाचा आकार नाही हो. तो अंदाजातली चूक दाखवतो. म्हणजे आधीच्या वर्षांत अंदाज किती किलोमीटरने हुकले होते त्यावरून काढलेला पट्टा. उद्याचा अंदाज कमी हुकतो म्हणून शंकू तिथे बारीक, चार दिवसांनंतरचा जास्त हुकतो म्हणून तिथे रुंद. अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या शंकूचं गणित असं आहे की केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा शंकूच्या आत राहतं. उरलेल्या एका वेळी बाहेर जातं! म्हणजे शंकूच्या काठावर असाल तरी निवांत बसण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: बातम्या 'लँडफॉल'पाशी थांबतात, रेघ थांबत नाही. लँडफॉल म्हणजे केंद्राने किनारा ओलांडणं. त्यानंतर वादळ मरतं, पण लगेच मरत नाही. समुद्रातून मिळणारी उष्ण वाफ बंद होते, जमिनीचं आणि डोंगरांचं घर्षण लागतं आणि वेग उतरायला लागतो. हे व्हायला तास लागतात. श्रीवर्धन ते चाकण सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर आहे. ताशी २० किलोमीटरने सरकणाऱ्या वादळाला एवढं अंतर सहा तासांचं. म्हणून रेघ झूम करून किनाऱ्याच्या पुढेही बघत जा. प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवलं की वेळ आणि वाऱ्याचा वेग दिसतो. 'निसर्ग'चे ठिपके किनाऱ्यापासून वर नाशिकच्या दिशेने गेलेले होते. ज्याने झूम केलं त्याला ते दिसत होते.

उजवी बाजू आणि डावी बाजू

हा भाग नीट समजून घ्या, कारण कुठलंच ॲप हे तुम्हाला उघडपणे सांगत नाही.

उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वादळ स्वतःसुद्धा पुढे सरकत असतं. आता वादळ ज्या दिशेला जातंय तिकडे तोंड करून उभे राहिलात अशी कल्पना करा. तुमच्या उजव्या हाताला वाऱ्याची दिशा आणि वादळाच्या पुढे जाण्याची दिशा एकच असते, म्हणून दोन्ही वेग एकमेकांत मिळतात. डाव्या हाताला दोन्ही उलट, म्हणून वजा होतात. समजा फिरणारा वारा ताशी ८० आणि वादळाची चाल ताशी २०. मग उजवीकडे जवळपास १०० आणि डावीकडे ६०. प्रत्यक्षात गणित इतकं सरळ नसतं, पण अंदाज यायला एवढं पुरे.

आता निसर्गचा मार्ग आठवा: श्रीवर्धनपासून उत्तर-ईशान्येकडे. मुंबई कुठे आली? डाव्या हाताला. तिथे वारा आधी पूर्वेकडून आणि मग उत्तरेकडून, म्हणजे बराचसा जमिनीकडून समुद्राकडे. त्यामुळे समुद्राचं पाणी शहरात ढकललं गेलं नाही. मुंबई वाचली त्याचं मोठं कारण हे. (तरी विमानतळावर त्या दुपारी एक मालवाहू विमान उतरताना धावपट्टीच्या पुढे गेलंच.) रत्नागिरी उजव्या हाताला होती. तिथे मिऱ्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' नावाचं जहाज वाऱ्या-लाटांनी आणून आपटलं.

आणि पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण? केंद्र आपल्या पश्चिमेकडून गेलं, म्हणजे आपणही उजव्या हाताला. म्हणूनच भोसरीत सकाळचा पूर्वेचा वारा दुपारनंतर दक्षिणेचा झाला. केंद्र नैर्ऋत्येकडून पश्चिमेकडे सरकत होतं.

याची एक जुनी युक्ती आहे, जहाजावरचे लोक वापरायचे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि डावा हात बाजूला पसरा. साधारण त्या दिशेला वादळाचं केंद्र. फोनमधल्या कंपास ॲपवर ती दिशा बघा, तासाभराने परत बघा. केंद्र कोणत्या बाजूने चाललंय ते नेट नसतानाही कळतं. उंच बिल्डिंगच्या मधे उभं राहून करू नका, तिथे वारा कसाही वळतो. आणि अर्थातच, वारा खरंच जोरात सुरू झाल्यावर करायचा हा प्रयोग नाही, त्याच्या आधीचा आहे.

उजव्या-डाव्याचा हिशेब किती पक्का आहे ते पुढच्याच वर्षी दिसलं. मे २०२१ चं 'तौक्ते' महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आलंच नाही. ते समुद्रातून उत्तरेकडे सरकत १७ मेला गुजरातला गेलं. नकाशावर रेघ मुंबईपासून चांगलीच लांब, पाण्यात. पण या वेळी मुंबई उजव्या हाताला होती. कुलाब्याला ताशी १०० किलोमीटरच्या वर झोत नोंदवले गेले आणि खोल समुद्रात पी-३०५ हा बार्ज बुडून अनेक कामगार गेले. एका वर्षाच्या अंतराने आलेली दोन वादळं बघा. एकाची रेघ जवळून गेली आणि मुंबई सुटली, दुसऱ्याची लांबून गेली आणि दणका बसला.

दोन ॲप दोन गोष्टी का सांगतात?

विंडी उघडलं की त्यात मॉडेल बदलता येतं. ईसीएमडब्ल्यूएफ म्हणजे युरोपचं, जीएफएस म्हणजे अमेरिकेचं. दोघांनाही आजची हवा साधारण सारखीच माहीत असते, पण गणित करायची पद्धत वेगळी, म्हणून चार-पाच दिवसांनंतरची रेघ वेगळी.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१२ चं 'सँडी'. अटलांटिकमधल्या वादळांना हरिकेन म्हणतात, आपल्याकडे चक्रीवादळ, जात एकच. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर वर जाणारी हरिकेन बहुतेक वेळा उजवीकडे वळून समुद्रात निघून जातात. सँडी अचानक डावीकडे वळून थेट न्यू जर्सीवर येईल, असं युरोपचं मॉडेल आठवडाभर आधी दाखवत होतं. अमेरिकेचं स्वतःचं मॉडेल मात्र तेव्हा ते समुद्रात जाईल असंच म्हणत होतं, त्याला ते वळण पुढे काही दिवसांनी पटलं. २९ ऑक्टोबरला सँडी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आलं आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्राचं पाणी शिरलं. त्यानंतर अमेरिकेत हवामानाच्या कॉम्प्युटरवर आणि मॉडेलवर भरपूर पैसा ओतला गेला.

यावरून "युरोपचं मॉडेल नेहमी बरोबर" असा निष्कर्ष काही जण काढतात. तसं अजिबात नाही. दोन्ही मॉडेलच्या रेघा जवळजवळ असतील तर भरवसा जास्त, लांब असतील तर अजून काही ठरलेलं नाही, इतकाच त्याचा उपयोग करा. आणि आठ-दहा दिवसांनंतरचं वादळ दाखवणारा स्क्रीनशॉट कोणी पाठवला तर तो मनोरंजन म्हणून बघा.

मॉडेलचा बारीकपणाही समजून घ्यायला हवा. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. जीएफएसचा चौकोन साधारण १३ किलोमीटरचा, युरोपच्या मुख्य मॉडेलचा ९ चा. निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापासून नाशिक फाट्यापर्यंत सगळं मिळून एखाद-दुसऱ्या चौकोनात बसतं! म्हणजे ॲप जेव्हा आकुर्डीचा वारा वेगळा आणि कासारवाडीचा वेगळा दाखवतं तेव्हा ते मधले आकडे सरासरीने भरत असतं. यातलं एक काम आपल्या पुण्यातच चाललंय. पाषाणच्या आयआयटीएम या संस्थेत 'भारत फोरकास्ट सिस्टीम' तयार झाली, २०२५ च्या मे महिन्यात ती सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. त्यासाठी लागणारा 'अर्क' हा सुपरकॉम्प्युटरही तिथेच बसवलाय.

आकडे वेगळे दिसायचं अजून एक साधं कारण आहे. भारतीय हवामान विभाग वाऱ्याची तीन मिनिटांची सरासरी देतो, अमेरिकन संस्था एका मिनिटाची. एका मिनिटाची सरासरी नेहमीच थोडी जास्त येते. त्यामुळे परदेशी साइटवर तेच वादळ 'मोठं' दिसतं आणि मग ग्रुपवर "आपलं सरकार लपवतंय" सुरू होतं. लपवत काही नाही, मोजपट्टी वेगळी आहे.

मी स्वतः काय करतो? चित्र बघायला विंडी, आणि निर्णय घ्यायला हवामान विभागाचं बुलेटिन. नवी दिल्लीतलं त्यांचं केंद्र हे या सगळ्या समुद्राचं अधिकृत केंद्र आहे. मौसम वेबसाइटवर सायक्लोन विभागात बुलेटिन मिळतं. त्यात एक तक्ता असतो: तारीख-वेळ, केंद्राची जागा, वेग, प्रकार. वेळ यूटीसीमध्ये दिलेली असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा. ०९०० यूटीसी म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. प्रकार कळायला हे लक्षात ठेवा: ताशी ६२ ते ८८ म्हणजे चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, त्यावर अतितीव्र. आपल्या घाटमाथ्याच्या अलीकडच्या लोकांनी या तक्त्याच्या खालच्या ओळी वाचायच्या, लँडफॉलनंतरच्या.

पत्र्याचा हिशेब

आता मूळ मुद्द्यावर येऊ. वादळ इथे पोचेपर्यंत मंद झालेलं असतं, मग माणसं का मरतात?

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, दाब चौपट. शेडवर असतो तसा दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा घ्या. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा त्यावरचा जोर ढोबळमानाने काढला तर ताशी १२० च्या वाऱ्यात सव्वादोनशे किलोच्या आसपास येतो. रायगडमध्ये छपरं का उडाली ते यातून कळतं. पण आता 'मंद' वारा घ्या, ताशी ६०. तरी ५५ किलो! म्हणजे सुटलेला पत्रा हाताने धरून ठेवायला गेलेला माणूस ५५ किलोच्या झटक्याशी झुंजतोय, तोही वर चढून, ओल्या पायांनी. हवेलीतल्या त्या माणसाचं काय झालं असेल ते समजायला याहून जास्त सांगायची गरज नाही.

आपला सगळा पट्टा पत्र्यावर उभा आहे. भोसरी-तळवड्यातली लहान वर्कशॉप, चाकण-म्हाळुंगेच्या बाजूच्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या, चहाच्या टपऱ्या, गोडाऊन. कंपनीच्या मोठ्या शेडचं डिझाइन इंजिनिअरने केलेलं असतं, खोल्यांच्या पत्र्यावर विटा आणि टायर ठेवलेले असतात. वारा पत्र्याच्या कडेखालून आत शिरला की तो टायर खाली कोणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही. मावळात त्या दिवशी फुलांच्या पॉलिहाऊसचं नुकसान झालं, तेही याच हिशेबाने. पॉलिहाऊस म्हणजे एक मोठं शीडच.

आणि होर्डिंग. १७ एप्रिल २०२३ ला रावेत-किवळे भागात हायवेच्या कडेला वादळी पावसात होर्डिंग पडून पाच जण गेले. पावसापासून आडोसा म्हणून ते तिथे थांबले होते. ते चक्रीवादळ नव्हतं, साधा वळवाचा पाऊस होता. गाडी चालवताना जोराचा वारा सुटला की आपण सगळेच पहिला आडोसा शोधतो: होर्डिंग, झाड, पत्र्याची शेड. तिन्ही चुकीचे. पेट्रोल पंपाच्या उंच छताखाली थांबणंही फार शहाणपणाचं नाही. पक्की स्लॅबची बिल्डिंग बघा, लांब असली तरी.

आदल्या दिवशी करायचं काम कंटाळवाणं आहे: पत्र्याचे हूक-बोल्ट आवळणं, गच्चीवरची कुंडी-खुर्ची-डिश खाली आणणं, खोलीची भिंत कच्ची असेल तर त्या एका दिवसापुरतं ओळखीच्या पक्क्या घरी झोपायला जाणं. वारा सुरू झाल्यावर मात्र पत्रा गेला तर जाऊ द्यायचा.

फोन कधी बंद पडतो

शेवटी आपला विषय, फोन. टॉवरला वीज महावितरणची असते, ती गेली की बॅटरी, मग असेल तिथे डिझेल जनरेटर. बॅटरी काही तासांपुरतीच. म्हणून लाइट गेल्यावर सुरुवातीला नेटवर्क छान असतं आणि त्या भरवशावर सगळे रील बघत बसतात. नेमकी त्याच वेळी बॅटरी वाचवायची असते. स्क्रीनचा उजेड कमी करा, फाइव्हजी बंद करून फोरजीवर या, हॉटस्पॉट बंद.

२०२० मध्ये मेसेज म्हणजे साधे एसएमएस होते. आता सेल ब्रॉडकास्ट आलंय. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम मोठ्याने वाजले होते आणि स्क्रीनवर चाचणीचा मेसेज आला होता, आठवतंय? तेच ते. यात तुमचा नंबर लागत नाही. टॉवर आपल्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम मेसेज सोडतो, त्यामुळे नेटवर्क जाम असलं तरी पोचतो. त्या दिवशी वैतागून बऱ्याच जणांनी ते बंद करून टाकलं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी', त्यात 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स', तिथे चालू आहे का आत्ताच बघा. काही फोनमध्ये जागा थोडी वेगळी असते, सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'अलर्ट' टाकलं की सापडतं. सोबत राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप ठेवा, त्यात जिल्हा निवडता येतो. तुमचं गाव कोकणात असेल तर तोही जिल्हा टाकून ठेवा. आपल्या पट्ट्यात निम्म्या लोकांचे आईवडील दुसऱ्याच जिल्ह्यात असतात.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मोठ्या आपत्तीत दूरसंचार विभाग त्या भागात 'इंट्रा-सर्कल रोमिंग' सुरू करू शकतो. म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर पडला असेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तुमचं सिम चालतं. फोनने ते आपोआप पकडलं नाही तर सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, 'ऑटोमॅटिक सिलेक्शन' बंद करा, यादी येऊ द्या आणि दुसरं नेटवर्क निवडून बघा. यादी यायला दोन-तीन मिनिटं लागतात, मध्येच बंद करू नका. गावी आईवडिलांकडे साधा फोन असेल तर त्यातही ही सोय असते, पुढच्या वेळी गेलात की त्यांच्या हाताने एकदा करून घ्या.